कमानीची साखळी-करवत : सोय आणि धोका

लाकूड कापताना करवत मध्येच का अडकते? ओंडक्याची दोन्ही टोके टेकलेली असतील, तर मधला भाग स्वतःच्या वजनाने खाली वाकू पाहतो. वरच्या बाजूचे तंतू दाबले जातात. त्यामुळे वरून काप घेतला, की फट मिटू लागते आणि करवतीचे पाते चिमटीत सापडते. मोठ्या ओंडक्यात पात्यामागे पाचर ठोकून फट उघडी ठेवता येते. बारीक ओंडक्यात पाचरीला जागाच नसते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकात कागदाच्या लगद्यासाठी पाइनची खोडे तोडून त्यांचे सुमारे पाच फुटी तुकडे करत. दिवसभर असे असंख्य काप घ्यायचे, तर करवत वारंवार अडकून कसे चालेल? यावर एक उपाय होता कमानीच्या पट्टीचा.

नेहमीच्या साखळी-करवतीत दातेरी साखळी एका सरळ, भरीव पट्टीच्या कडेने धावते. कमानीच्या पट्टीत मधला भाग पोकळ असतो आणि साखळी अरुंद कमानीवरून फिरते. फट मिटली तरी तिच्या चिमटीत सापडायला रुंद पाते नसते. शिवाय पोकळीतून पाचरही ठोकता येते. करवत ओंडक्यावर वरून टेकवायची असल्याने फार वाकावेही लागत नाही.

धोका मात्र याच आकारात आहे. साखळी पट्टीच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळते आणि खालच्या कडेने परत येते. टोकाच्या वरच्या भागात दाते पुढे आणि खाली जात असतात. तेथे दाता लाकडात रुतला, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार लाकूड पट्टीला उलट, म्हणजे मागे आणि वर ढकलते. करवत चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, खांद्याकडे उसळते. साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. उसळी इतकी झटपट येते, की माणसाला हात आवरायला अवधीच मिळत नाही.

सरळ पट्टीचे टोक लहान असते, म्हणून हा धोक्याचा भागही लहान असतो. कमानीचे टोक मोठे व रुंद. साहजिकच शेजारच्या फांदीला नकळत लागू शकणारा भागही मोठा. म्हणून कमानीवर संरक्षक पत्रा आणि टोकाशी नांगीसारखी लोखंडी अणी बसवत. कमी उसळणारी साखळी बसवूनही कमानीचा धोका फारसा घटत नाही.

पुढे लाकूडतोडीत मोठी यंत्रे आली आणि कमानी मागे पडल्या. आज त्या जुन्या वस्तूंच्या हौशी संग्राहकांकडे दिसतात. संग्रहात त्या शोभतात. पण संरक्षक भाग गळून पडलेली कमान चालवून पाहणे जिवावर बेतू शकते.

हा नियम वर्गात दाखवता येईल. खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर घ्या, तिच्या आसावर रबरी चाक बसवा आणि मोटर दोऱ्याने टांगा. फिरत्या चाकाला पुठ्ठ्याची कड लावा. स्पर्शाच्या ठिकाणी चाकाची कड ज्या दिशेने जाते, त्याच्या उलट दिशेने मोटर झटका खाते. चाकाला पुठ्ठा वरून, खालून, बाजूने लावून पाहा आणि झटक्याची दिशा विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा.

आपल्याकडेही झाडे तोडायला सरळ पट्टीच्या साखळी-करवती सर्रास वापरल्या जातात. त्यांच्याही टोकाला हाच नियम लागू आहे. करवत चालू असताना मुलांनी दूर का थांबायचे, याचे कारण त्यांना आता नेमके सांगता येईल.