थकव्याचे कारण शोधताना

सांधे दुखतात, झोप होऊनही थकवा जात नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. अशी तक्रार घेऊन एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने दवाखान्याच्या खेपा घालते. अमेरिकेत अशा वेळी दोन आजारांची नावे हमखास पुढे येतात : लाइम आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार. हे दोन वेगळे ओळखणे एवढे अवघड का, ते आपण पाहू या.

१९७५ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी निदान केले, लहान मुलांचा संधिवात. पण एवढ्याशा भागात तो इतक्या मुलांना कसा होईल? दोन आयांनी हा प्रश्न लावून धरला. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी तपास केला, तेव्हा शेजारशेजारच्या तीन वस्त्यांत ५१ रुग्ण आढळले. त्यांपैकी ३९ मुले होती. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या शरीरात मळसूत्रासारखा जिवाणू दिसला आणि कारण उलगडले.

गोचीड चावल्यावर बऱ्याच रुग्णांच्या त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. तो दिसला, तर निदान सोपे असते. दोन-तीन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. पण चट्टा उठलाच नाही किंवा लक्षातच आला नाही, तर रक्ततपासणीवर भिस्त ठेवावी लागते.

ही तपासणी सहसा जिवाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला आजार असूनही तपासणी 'नाही' म्हणू शकते. उलट, बरे झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. आपल्याकडे विषमज्वरासाठी होणाऱ्या विडाल चाचणीलाही अशाच मर्यादा आहेत.

थकव्याच्या विकाराची तर प्रयोगशाळेत पटणारी खूणच नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा थकवा, थोड्याशा श्रमानंतर तब्येत आणखी ढासळणे, झोपेने ताजेतवाने न वाटणे अशा लक्षणांवरून आणि इतर आजार वगळून तो ठरवतात. वगळायच्या आजारांत लाइमही येतो. मग सरसकट सगळ्या थकलेल्यांची लाइमची तपासणी का करू नये?

वर्गात एक प्रयोग करून पाहू. एका पिशवीत १०० चिंचोके घ्या. त्यांतला एकच 'आजारी' आहे, असे माना. समजा, आपली चाचणी आजारी माणसाला कधीच चुकवत नाही, पण दर १०० निरोग्यांमागे ५ जणांना चुकून 'आजारी' म्हणते. चाचणी ज्यांना 'होय' म्हणेल त्या चिंचोक्यांवर खडूने खूण करा. खुणेचे चिंचोके झाले ६, खरा आजारी मात्र १! आता दुसऱ्या पिशवीत ५० आजारी आणि ५० निरोगी घ्या. इथे खुणेचे चिंचोके सुमारे ५२ किंवा ५३ आणि त्यांतले ५० खरे आजारी. चाचणी तीच, पण तिच्या 'होय'चा अर्थ बदलला.

म्हणूनच रुग्ण गोचिडीच्या प्रदेशात राहिला होता का, गुडघा सुजला होता का, हे आधी विचारायचे असते. पहिल्या चाचणीचा 'होय' दुसऱ्या चाचणीने पडताळतात, तोही याच कारणासाठी.

गुंतागुंत इथे संपत नाही. लाइमवर नीट उपचार होऊनही काही रुग्णांचा थकवा आणि अंगदुखी महिनोन्‌महिने राहते. याचे कारण अजून पुरते कळलेले नाही. दुसरीकडे, लाइमचा कोणताही पुरावा नसताना 'क्रॉनिक लाइम' हे नाव मिळालेले रुग्णही आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचण्यांत, उपचारानंतरही त्रास राहिलेल्या रुग्णांना तीन महिने प्रतिजैविके देऊन पाहिली. खोट्या औषधापेक्षा त्यांचा अधिक उपयोग झाला नाही. शिरेतून दीर्घकाळ औषध देताना मात्र नळीवाटे गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत.

चुकीच्या 'होय'ने रुग्णाला नको ते औषध मिळते आणि खऱ्या कारणाचा शोध थांबतो. पण तपासणी 'नाही' म्हणाली म्हणून 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगणेही तितकेच चूक आहे. रक्तात खूण सापडली नाही, तरी त्या माणसाला जिना चढवत नाही, हे खरेच असते.