बाइटाचे माप आणि आपली वजनपावती



काट्यावर गाडी चढली की आपली नजर आकड्यावर असते. किलोचा फरक पडला तरी आपण विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे. पण हल्ली आणखी एक माप आपल्या घरात आले आहे, त्याची मात्र कोणी चौकशी करीत नाही. ते म्हणजे 'जीबी'. नागपूरला गेलेला मुलगा जरीपटक्याच्या बाजारातून मोबाइलसाठी ६४ जीबीचे कार्ड आणतो, घरच्या कॉम्प्युटरला लावून पाहतो, तर आकडा दिसतो ५९ च्या आसपास. मग घरात प्रश्न निघतो, "काहून जी, पाच जीबी गेले कुठं? दुकानदारानं काटा मारला का?"

तर नाही. काटा बरोबर आहे, माप दोन आहेत. हे नीट समजून घेऊ.

कॉम्प्युटरला फक्त दोन खुणा कळतात, शून्य आणि एक. अशी एक खूण म्हणजे एक बिट. आठ बिटांची जुडी बांधली की झाला एक बाइट. हा शब्द १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे वर्नर बुखोल्झ यांनी घडविला. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. आपल्या मराठीच्या प्रत्येक अक्षरखुणेला, म्हणजे क, ख, काना, मात्रा अशा एकेकीला, आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात.

आता हिशेब करू. आपल्या वजनपावतीवर नाव, गाव, गट नंबर, वाण, वजन मिळून समजा ३०० खुणा आहेत. म्हणजे जागा लागली साधारण ९०० बाइट. हजार बाइटांचा एक किलोबाइट, दहा लाखांचा एक मेगाबाइट आणि शंभर कोटींचा एक गिगाबाइट, म्हणजेच जीबी. त्याच पावतीचा मोबाइलवर फोटो काढला तर तो सहज तीन मेगाबाइटांचा होतो, कारण फोटोत अक्षरे नसतात, रंगाचे लाखो ठिपके असतात. एका फोटोच्या जागेत तीन हजारांवर पावत्या टाइप करून मावतील! मोबाइल 'भरला, भरला' म्हणून ओरडतो तो अक्षरांनी नव्हे, फोटोंनी आणि व्हिडिओंनी.

आता ते पाच जीबी. कार्ड बनविणारा हजाराच्या पटीने मोजतो. कॉम्प्युटर मात्र दोनाच्या पटीने मोजणारा गडी. दोनाला दोनाने गुणत गेले की दहाव्या पायरीला १०२४ येतात, म्हणून विंडोजचा कॉम्प्युटर १०२४ चा हजार धरतो. त्याचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. त्या मापाने ६४ चे ५९.६ भरतात. माल तेवढाच, माप मोठे. आपल्या वाडवडिलांना हे नवे नव्हते. बंगाली मण ३७.३२ किलोचा, तर मुंबईचा मण १२.७ किलोचा; मण म्हटले की कुठला, हे आधी विचारावे लागे. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान मापांनी तो घोळ मिटला. कॉम्प्युटरच्या जगात १९९८ साली मोठ्या मापाला 'गिबीबाइट' असे वेगळे नाव ठरले, पण ते अजून सर्वांच्या तोंडी बसलेले नाही.

थोड्या बाइटांत किती मोठे काम होते याचा दाखला आपल्याच सहकारात आहे. कोल्हापूर-सांगलीकडील वारणा परिसरात १९९८ साली ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रे बसविण्याची योजना सुरू झाली. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिल हे गावातच कळावे हा हेतू. पुढे २००७ च्या सुमारास तेथील सात गावांत केंद्रातल्या कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हेच काम करून पाहण्यात आले. एका एसएमएसात मावतात फक्त १४० बाइट. तेवढ्यात शेतकऱ्याचे टनेज घरपोच कळू शकते! माहिती मोठी नसली तरी चालते, वेळेवर व बिनचूक पाहिजे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. वरचा फरक ठरलेला आहे, ६४ ला चार-पाच जीबी, थोडे इकडेतिकडे. पण अर्ध्या किमतीत '५१२ जीबी' म्हणून खपविली जाणारी बनावट कार्डे बाजारात असतात. त्यांत खरी जागा थोडीच असते, आणि कॉम्प्युटरला मात्र ती ५१२ च सांगतात. खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा मुळीच राहत नाहीत, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून कार्ड पक्क्या पावतीवर घ्यावे. घेतल्याबरोबर ते काठोकाठ भरावे आणि सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या फाइली उघडून पाहाव्यात. उघडल्या तर माप खरे.

दुसरे असे की, चांगले कार्डही एक दिवस न सांगता बंद पडते. सातबारा पुन्हा काढता येईल, पण भावाभावांतल्या वाटणीचा जुना कागद किंवा आजोबांच्या हातची खरेदीची नोंद पुन्हा कुठून आणणार? अशा कागदांचे फोटो निदान दोन ठिकाणी ठेवावेत, एक मोबाइलमध्ये आणि एक घराबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे. आणि मूळ कागद पेटीतच राहू द्यावा.

बियाणे आपण एकाच कणगीत कधी ठेवत नाही. कागदांनाही तोच नियम लावावा, एवढीच विनंती.