पांढरी वाईन चाखावी कशी? ल्वारपासून नाशिकपर्यंत

फ्रेंच पांढऱ्या वाईनचा जीव तिच्या आंबटपणात असतो. रंग, वास, किंमत, बाटलीवरचं नाव हे सगळं त्यानंतर. मिरजगाव-कर्जत भागात लिंबाच्या बागा राखणाऱ्याला हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. आंबटपणा गेला की फळ नुसतं गोड लागतं, चव अशी राहत नाही.

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात, ४७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, वूव्रे आणि साँसेर ही दोन नामांकित गावं आहेत. वूव्रेची वाईन शेनिन ब्लाँ द्राक्षाची, साँसेरची पांढरी वाईन सोव्हिन्यों ब्लाँची. तिथे वेल हिवाळाभर निद्रिस्त असते आणि घड पिकतात ते बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, रात्री गार होऊ लागल्यावर. हा गारवाच कामाचा. द्राक्षमणी श्वसन करताना आपल्यातलं मॅलिक आम्ल खर्च करतो, आणि उष्मा जितका जास्त तितका हा खर्च वेगाने होतो.

हेच दोन वाण नाशिकला, जेमतेम २० अंश अक्षांशावर, रुजले ही मोठी नवलाची गोष्ट. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाईन याच दोन द्राक्षांच्या होत्या. नाशिकला कडाक्याचा हिवाळा नाही, त्यामुळे वेल ल्वारसारखी झोपत नाही. मग बागाईतदार तिला छाटणीने वळण लावतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे ल्वारमधली वेल थंडीत निजलेली असते तेव्हा. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इथल्या थंड रात्री आम्ल सांभाळतात. खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पाहून तोडणी ठरवतो. वाईनसाठी ब्रिक्सच्या जोडीला आम्लता आणि पीएचही पाहावा लागतो. साखर चढत असते, आम्ल उतरत असतं, आणि दोन्ही जुळण्याचे दिवस थोडेच असतात. वाईनकाराचं खरं कसब या दिवसांच्या निवडीत आहे, असं मला वाटतं.

आता पेला. तो दांड्याला धरावा, म्हणजे तळहाताची ऊब वाईनला लागत नाही. पांढऱ्या कागदावर तिरपा केला की कोवळ्या सोव्हिन्यों ब्लाँच्या फिक्या पिवळ्या रंगाला हिरवट झाक दिसते. पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास आला तर तो भास नव्हे. ढोबळी मिरचीत असलेलं मेथॉक्सीपायराझिन हेच द्रव्य या द्राक्षातही असतं. लिटरभर पाण्यात ते ग्रॅमचे दोन-चार अब्जांश एवढंच असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं! द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तसा हा वास ओसरतो. म्हणजे घड कितपत पिकला होता याचा अंदाज नाकालाच येतो.

घोट लगेच गिळू नये. तो जिभेवर फिरवावा. तोंडाला सुटणारं पाणी म्हणजे आम्लाची खूण. मग गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहावं. उत्तम वूव्रेची बराच वेळ रेंगाळते, आणि ती बाटलीत कित्येक दशकं टिकते ती मुख्यतः आम्लाच्या बळावर.

डोळ्यांवर मात्र फार विसंबू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं.

थंडपणाही बेताचा हवा. फ्रिजमधून काढल्याबरोबर वास दबलेला असतो. दहा अंशांच्या आसपास तो मोकळा होतो. जमल्यास नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ आणि साँसेर एकाच तापमानाला, बाटल्यांना कागद गुंडाळून, शेजारी शेजारी चाखून पाहा.