डिस्क टकटक करू लागली तर

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथे एखादी डिस्क बंद पडली तरी काम अडत नाही, कारण तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरही असते. घरी मात्र लग्नाचे फोटो आणि मुलांचे व्हिडिओ बहुतेकदा एकाच डिस्कवर पडून असतात.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. धक्का बसला की ते तबकडीला घासू शकतं. डिस्क टकटक करू लागली तर लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून बघणं सर्वांत घातक. वाचलेली माहितीही त्यात खरवडली जाते. डिस्क घरी उघडू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च मात्र नव्या डिस्कच्या कित्येक पट येऊ शकतो.

बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम मला सर्वांत पटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पुरासारखं पाणी तळमजल्यात शिरलं, तर एकाच कपाटातल्या दोन्ही डिस्क जातील. म्हणून एक प्रत पनवेलच्या मावशीकडे किंवा क्लाउडवर हवी. पण क्लाउडशी नुसतं सिंक पुरत नाही. फोनवर पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जातो. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा.