आणा गेला, आणेवारी राहिली

डिसेंबर अखेरीस विदर्भातील वृत्तपत्रांत एक मथळा ठरल्याप्रमाणे झळकतो: जिल्ह्याची अंतिम पैसेवारी जाहीर. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात ही बातमी आवर्जून वाचली जाते. ती वाचून चावडीवर चर्चा मात्र होते ती ‘आणेवारी’ची. कागदावर पैसेवारी आणि तोंडी आणेवारी, अशी ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत.

शब्दाचा उगम

‘टक्केवारी’, ‘आकडेवारी’ या शब्दांप्रमाणेच ‘आणेवारी’ हा शब्द घडला आहे. जुन्या चलनात रुपयाचे सोळा आणे होत. जे पूर्ण ते सोळा आणे, हा व्यवहारातील हिशेब होता. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. महसूल खात्याने पिकालाही हेच माप लावले. पूर्ण पीक सोळा आणे, अर्धे पीक आठ आणे आणि चौथाई पीक चार आणे. सामाईक जमिनीतील खातेदारांच्या हिश्शालाही आणेवारी म्हणतात. मात्र तो अर्थ वेगळा आहे. जुन्या वृत्तपत्रांतील पीकपाण्याच्या मजकुरात ‘पीक सहा आणे’ असे वाचले, तर तो पिकाचा भाव नसून उताऱ्याचे प्रमाण होय, हे ध्यानी घ्यावे.

चार आण्यांचा लढा

या आण्यांमागे केवढा अर्थ दडलेला असे, हे मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्याच्या उदाहरणावरून दिसून येते. पीक चार आणे वा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा तेथे नियम होता. सन १९१८ मध्ये पीक चार आण्यांहून अधिक असल्याचे सरकारी आकडे सांगत होते, तर ते त्याहून कमी असल्याचे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. महात्मा गांधी व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालील खेडा सत्याग्रह या मतभेदातून उभा राहिला. त्याच वर्षी यवतमाळ येथे लोकनायक बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले.

नाण्याबरोबर शब्द गेला नाही

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले व शासकीय कागदपत्रांत पुढे ‘पैसेवारी’ रूढ झाली. बोलीने आणि पुष्कळदा वृत्तपत्रांनीही जुना शब्द सोडला नाही.

आकडा कसा ठरतो

पीककापणी प्रयोगात मिळालेले हेक्टरी उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून पैसेवारी काढतात. उदाहरणादाखल, प्रमाण उत्पन्न दहा क्विंटल धरले आणि हाती पाच क्विंटल आले, तर त्या पिकाची पैसेवारी ५० पैसे होते. निरनिराळ्या पिकांखालील क्षेत्र विचारात घेऊन गावाचा आकडा ठरतो. विदर्भात खरिपाची नजर अंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. कापसाची वेचणी मात्र अनेकदा त्यानंतरही चालू असते. त्यामुळे कापूसपट्ट्यात या आकड्याविषयी प्रश्न उपस्थित होतात, हे स्वाभाविकच आहे.

पन्नास पैशांची रेषा

अंतिम पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आलेली गावे दीर्घकाळ टंचाईग्रस्त मानली गेली. जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती त्यावर अवलंबून असत. एका गावाचे ४९ पैसे आणि शिवेपलीकडच्या गावाचे ५१ पैसे आले, तर दोन पैशांच्या फरकाने एका गावातील विद्यार्थ्यांचे शुल्क माफ होई व दुसऱ्या गावातील विद्यार्थ्यांना ते भरावे लागे.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर हे चित्र बदलले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवे निकष स्वीकारले. आता दुष्काळ जाहीर करताना पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, वनस्पतींची स्थिती, पेरणीचे क्षेत्र व भूजलपातळी यांचा विचार होतो. पीकविम्याची भरपाईही पैसेवारीवरून ठरत नाही. पैसेवारी जाहीर होत असली, तरी तो आकडा म्हणजे दुष्काळाची घोषणा नव्हे. ग्रामसभेत हा भेद स्पष्ट करून सांगितल्यास बरेच गैरसमज टळतील.

पैसेवारीच्या ग्रामसमितीत महसूल कर्मचाऱ्यांबरोबर सरपंच व शेतकरीही असतात. शेतात पीककापणी होत असताना सदस्यांनी समक्ष हजर राहिले, तर आकड्यावरील विश्वास वाढेल. शिक्षकांनाही हा शब्द वर्गात उपयोगी पडावा. सोळा आणे आणि शंभर पैसे यांचा मेळ घालताना मुलांना अपूर्णांक समजतील, आणि आपल्या शिवारातील पिकाचा हिशेबही कळेल.