बगदाद ते चौल: इतिहासाच्या वर्गातला खजिना

लढायांच्या सनावळ्या आणि खलिफांची नावं पाठ करावी लागणार, अशा तयारीनं मुलं जागतिक इतिहास आणि इस्लामी संस्कृतीच्या वर्गात येतात. समोर येतो तो इंग्लंडमधल्या एका राजाचा अरबी अक्षरांचा दिनार, भारतातून बगदादला गेलेलं गणित आणि कोकणातल्या मठाला जमीन देणारा मुसलमान अधिकारी. इस्लामी संस्कृती एकट्या मुसलमानांनी घडवली नाही. ज्यू, ख्रिश्चन, बौद्ध, हिंदू अशा अनेकांचा तिला हात लागला आहे. म्हणूनच तिचा अभ्यास करताना सगळ्या जगाचा इतिहास हाती लागतो. त्यातल्याच या काही निवडक गोष्टी.

शेकडो वर्षांपूर्वीचे वर्ग

मोरोक्कोतल्या फेस शहरातली अल्-करावियीन ही मशीद 859 साली उभी राहिली. परंपरेनं तिचं श्रेय फातिमा अल्-फिहरी या स्त्रीला दिलं जातं. तिथे शिकवण्याची परंपरा रुजली आणि आज ते मोरोक्कोचं सरकारी विद्यापीठ आहे. कैरोचं अल्-अझहर 970 च्या सुमारास शियापंथी फातिमी राजवटीनं उभारलं. आज तेच सुन्नी जगातलं सर्वांत मानाचं विद्यापीठ मानलं जातं. बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशात तेराव्या शतकात सुन्नी कायद्याच्या चारही शाखा एकाच छताखाली शिकवल्या जात. त्याची इमारत आजही उभी आहे.

चर्चचा ठराव: अरबी शिकवा!

युरोपातल्या विद्यापीठांत अरबी शिकवण्याचा ठराव केला तो चर्चनं, 1312 साली, फ्रान्समधल्या व्हिएन इथल्या परिषदेत. पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या आणि सालामांका इथे अरबीचे शिक्षक नेमावेत, असं ठरलं. हेतू धर्मप्रसाराचा होता आणि अंमलबजावणी रखडली. केंब्रिजला अरबीचं प्राध्यापकपद 1632 मध्ये आलं, ऑक्सफर्डला 1636 मध्ये. त्याआधी 1593 मध्ये इब्न सीनाचा वैद्यकीय ग्रंथ रोममध्ये मूळ अरबीत छापून झाला होता. त्याचा लॅटिन अनुवाद युरोपातले वैद्यकाचे विद्यार्थी कित्येक शतकं अभ्यासत होते.

शिकागोचे हॉजसन सर

हा विषय आज ज्या पद्धतीनं शिकवला जातो, तिच्यावर सर्वांत खोल ठसा आहे शिकागो विद्यापीठाच्या मार्शल हॉजसन यांचा. ख्रिस्ती क्वेकर पंथाच्या या प्राध्यापकानं 1950 च्या दशकात इस्लामी संस्कृतीचा अभ्यासक्रम उभा केला. ‘मध्यपूर्व’ हे नाव त्यांना पटत नसे, कारण ते युरोपातून पाहिलेल्या दिशेवर ठरलं आहे. त्याऐवजी ते ‘नाइल ते ऑक्सस’ असं नद्यांच्या हिशेबानं लिहीत. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावरही त्यांचा आक्षेप होता. त्या नकाशात ग्रीनलंड भारताहून मोठा दिसतो, प्रत्यक्षात भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. 1968 मध्ये, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी हॉजसन गेले. त्यांचा त्रिखंडी ग्रंथ ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वर्गात वाचला जातो.

निम्मे मुसलमान, निम्मे इतर

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1952 मध्ये इस्लामी अभ्यासाची संस्था काढली. त्याआधी त्यांनी लाहोरला अध्यापन केलं होतं. संस्थेतले निम्मे शिक्षक आणि निम्मे विद्यार्थी मुसलमान असावेत, निम्मे इतर, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्याविषयी शिकायचं ते समोर बसलेले असावेत आणि त्यांनीही प्रश्न विचारावेत, ही त्यामागची भूमिका. इतिहास शिकवण्याची याहून निकोप रीत सापडणं कठीण.

दक्षिण वर, उत्तर खाली

1154 साली सिसिलीचा ख्रिश्चन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्-इद्रिसी या मुसलमान भूगोलज्ञानं जगाचा नकाशा तयार केला. त्यात दक्षिण वरच्या बाजूला आहे! नकाशा उलटा धरलाय असं वाटतं, पण त्या काळच्या अरबी नकाशांची ती रीतच होती. उत्तर वरच हवी, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही.

पंचतंत्र निघालं परदेशी

आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या राजदरबारात पोचलं आणि पहलवी भाषेत उतरलं. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा यानं ते अरबीत आणलं. ‘कलिला व दिम्ना’ या नावानं ते घरोघरी गेलं. करटक आणि दमनक हेच ते दोन कोल्हे. पुढे ते हिब्रू, स्पॅनिश आणि लॅटिनमध्ये गेलं.

गणितही त्याच वाटेनं गेलं. आठव्या शतकात भारतीय खगोलगणित बगदादला पोचलं आणि अरबीत आलं. पुढच्या शतकात अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. सुश्रुताच्या वैद्यकाचा अरबी अनुवाद करवून घेतला तो बगदादच्या बर्मकी वजिरांनी. या बर्मकींचे पूर्वज बल्खच्या नवबहार बौद्ध विहाराचे प्रमुख होते.

संस्कृत शिकलेला अल्-बेरुनी

गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांच्याच काळात अल्-बेरुनी हा विद्वान संस्कृत शिकत होता. त्यानं पतंजलीच्या योगसूत्रांचा अरबी अनुवाद केला आणि 1030 च्या सुमारास भारतावरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. महमुदाच्या स्वाऱ्यांनी केलेल्या विध्वंसाची नोंदही त्यात त्यानं करून ठेवली आहे. पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळ एका डोंगराची उंची आणि तिथून दिसणाऱ्या क्षितिजाचा कोन मोजून त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली. हाताशी दुर्बीण नाही, घड्याळ नाही, फक्त भूमिती!

जगाचा इतिहास, एका वैद्याचा

ज्यू घरात जन्मलेला, पुढे मुसलमान झालेला रशीदुद्दीन हा व्यवसायानं वैद्य आणि इराणच्या मंगोल राजांचा वजीर. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं लिहवून घेतलेल्या ‘जामी अल्-तवारिख’मध्ये मंगोल, चिनी, ज्यू, युरोपीय आणि भारतीय अशा सगळ्यांचा इतिहास आहे. बुद्धाचं चरित्र त्यात आलं ते कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या मदतीनं. आपल्या ग्रंथांच्या प्रती दरवर्षी अरबीत आणि फारसीत तयार व्हाव्यात, अशी तरतूदही त्यानं दानपत्रात करून ठेवली. 1318 मध्ये दरबारी कारस्थानात त्याचा शिरच्छेद झाला, पण ग्रंथ टिकला. 1314 च्या सुमाराची एक सचित्र प्रत एडिनबरा विद्यापीठात आहे.

दोराला धरून तैमूरच्या भेटीला

ट्यूनिसचा इब्न खल्दून हा समाजशास्त्राचा पूर्वसूरी. आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत 1377 साली अवघ्या पाच महिन्यांत त्यानं ‘मुकद्दिमा’चा पहिला खर्डा लिहिला. राजवटी का उभ्या राहतात आणि का कोसळतात, याची कारणं त्यानं टोळीची एकजूट, कर, श्रम आणि शहरी चैन यांत शोधली. 1401 मध्ये तैमूरलंगानं दमास्कसला वेढा घातला, तेव्हा अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ दोराच्या साहाय्यानं तटावरून खाली उतरला आणि थेट तैमूरच्या छावणीत गेला. दोघांच्या भेटी महिनाभर चालल्या. साम्राज्यांचा अभ्यासक आणि साम्राज्याचा धनी समोरासमोर बसल्याचा असा प्रसंग इतिहासात विरळाच.

नाण्यांची साक्ष

ब्रिटिश म्युझियममध्ये एक सोन्याचं नाणं आहे. इंग्लंडमधल्या मर्सियाचा राजा ऑफा यानं आठव्या शतकात ते पाडलं. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दिनाराची ती हुबेहूब नक्कल, अरबी मजकुरासकट! मधोमध राजाचं नाव आहे, पण अरबी अक्षरांच्या तुलनेत उलटं. टाकसाळीतल्या कारागिराला अरबी वाचता येत नव्हतं, पण बगदादच्या सोन्याची पत त्याला ठाऊक होती.

स्वीडनच्या गोटलंड बेटावर 1999 मध्ये 67 किलो चांदीचा साठा सापडला. त्यात 14 हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतली बहुतेक इस्लामी राज्यांतली. व्हायकिंग व्यापारी कुठवर हात पोचवून होते, हे या एका साठ्यावरून कळतं.

शिवलेलं जहाज

1998 मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी नवव्या शतकातलं जहाज सापडलं. पश्चिम हिंदी महासागराच्या पद्धतीचं, फळ्या खिळ्यांऐवजी दोरीनं शिवलेल्या. आत सुमारे 60 हजार चिनी वस्तू होत्या, बहुतेक वाडगे. एका वाडग्यावर चिनी सालाची नोंद आहे, ती 826 सालाशी जुळते. माल मोठ्या संख्येनं तयार करून समुद्रापलीकडे विकायचा, हा उद्योग तेव्हाही जोरात होता.

कैरोच्या कागदांत मंगळूर

देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, या ज्यू रिवाजामुळे जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका खोलीत शेकडो वर्षांची कागदपत्रं साठत गेली. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले सुमारे 1 लाख 93 हजार तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत हिशेब आहेत, लग्नाचे करार आहेत, घरच्या खुशालीची पत्रं आहेत. बरीचशी भाषा अरबी, लिपी मात्र हिब्रू. एस. डी. गोइटाइन यांनी त्यांच्या आधारे पाच खंडांत भूमध्य समुद्राकाठच्या समाजाचं चित्र उभं केलं. या पत्रांत अब्राहम बेन यीजू भेटतो. हा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरला राहत होता, तिथे त्याचा पितळकामाचा कारखाना होता. अमिताव घोष यांनी ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ या पुस्तकात त्याचाच माग घेतला आहे.

ताऱ्यांची वारसाहक्कानं आलेली वही

1258 मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेनं बगदाद उद्ध्वस्त केलं. पुढच्याच वर्षी त्याच हुलागूच्या आश्रयानं नसीरुद्दीन तुसी या खगोलज्ञानं इराणात मराघाची वेधशाळा उभारायला घेतली. पंधराव्या शतकात समरकंदला तिथला राजा उलुघबेग यानं तीच परंपरा पुढे नेत हजारावर ताऱ्यांची यादी केली. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगानं ती यादी आपल्या कोष्टकांसाठी आधाराला घेतली. त्याचं जंतरमंतर पाहताना मराघा आणि समरकंदही आठवावेत.

आपलं कोकण, अरबांच्या वहीत

851 सालच्या एका अरबी वृत्तान्तात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा म्हणजे बायझंटाइन सम्राट आणि भारतातला ‘बल्हरा’. हा बल्हरा म्हणजे आपल्या दख्खनचा राष्ट्रकूट राजा! दहाव्या शतकात अरब इतिहासकार अल्-मसूदी चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं तो सांगतो. त्यांत ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, तसे इथेच जन्मलेलेही होते.

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला 926 चा ताम्रपट तर वर्गातल्या प्रत्येकाला उठून बसायला लावतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी होता मुहम्मद. संस्कृतात त्याचं नाव ‘मधुमती’ असं लिहिलं आहे. त्याच्या अमलात एका ब्राह्मणानं भगवतीचा मठ बांधला आणि त्या मठाला जमीन मिळाली. फुकट नावेची सोय आणि भात, तूप वाढणारं अन्नछत्र यांचाही उल्लेख त्यात आहे.

नंदुरबारचं कौतुक

1325 मध्ये टँजियरहून निघालेला प्रवासी इब्न बतूता दिल्लीत काझी झाला आणि नंतर दक्षिणेकडे आला. दौलताबादच्या तुरुंगातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असून मांजरंच त्यांना भितात, अशी ऐकीव गोष्ट त्यानं नोंदवली आहे. नंदुरबारच्या मराठ्यांची कारागिरी, वैद्यक आणि ज्योतिष यांची त्यानं वाखाणणी केली, त्यांच्या शाकाहाराची आणि सोवळ्याचीही नोंद घेतली.

खमस सबैन अलफ

हिजरी वर्ष चांद्र, 354 किंवा 355 दिवसांचं. त्यामुळे ते ऋतूंशी जुळत नाही आणि शेतसारा वसूल करताना पंचाईत होते. त्यावर दख्खनेत तोडगा निघाला तो सौर मानाच्या सुहूर सनाचा. मृग नक्षत्र लागलं की त्याचं वर्ष सुरू होतं. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या मराठी कागदांत हाच सन अरबी संख्यानामांनी लिहिलेला दिसतो. खमस म्हणजे 5, सबैन म्हणजे 70, अलफ म्हणजे 1000. बेरीज 1075. त्यात 599 मिळवा, येतं 1674, शिवराज्याभिषेकाचं साल.

आता तुमची पाळी

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड सिद्ध केले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रं मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला. मराठ्यांचा इतिहास फारसीशिवाय पुरा होत नाही, हे या दोघांनी आयुष्यभर राबून दाखवून दिलं. हा विषय निवडणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला कळकळीची विनंती आहे: नुसत्या अनुवादावर थांबू नका. पहिल्याच वर्षी फारसी किंवा अरबीच्या वर्गात नाव घाला आणि जोडीला मोडी लिपी शिका. या तिन्ही गोष्टी येणारे अभ्यासक आज थोडे आहेत आणि वाचायचे कागद अजून अफाट आहेत.