अभ्यासचित्रण
अभ्यासचित्रण : चित्रकला शिकताना हाताला व डोळ्याला वळण लागावे, म्हणून केलेले सरावाचे रेखाटन. पूर्ण चित्र प्रेक्षकासाठी असते. अभ्यासचित्र मुख्यतः ते काढणाऱ्यासाठीच असते. हात, मस्तक, वस्त्राच्या चुण्या, एखादे भांडे वा झाडाचे खोड असा एकच विषय त्यात घेतात आणि प्रमाण, तोल, छायाप्रकाश वा यथादर्शन यांपैकी एखादाच प्रश्न सोडवितात. अशा चित्राचे मोल त्याच्या देखणेपणावर ठरत नाही. काढणाऱ्याची कोणती चूक त्यातून उघडकीस आली, यावर ते ठरते. ही चूक खुद्द काढणाऱ्याला सहसा दिसत नाही. त्यामुळे सहाध्याय्यांनी परस्परांची कामे तपासणे हे या शिक्षणपद्धतीचे एक महत्त्वाचे अंग ठरले आहे.

चूक न दिसण्याचे कारण डोळ्याच्या दुबळेपणात नाही. नवशिका समोरची वस्तू जशी दिसते तशी न काढता तिच्याविषयी त्याला जे ठाऊक असते तेच काढतो. माणसाचे डोळे मस्तकाच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. पण चेहरा म्हणजे डोळे, नाक व तोंड अशी समजूत असल्याने नवशिका डोळे बरेच वर काढतो आणि कपाळ व टाळू आखूड होतात. तांब्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते, हे त्याला पटते, परंतु त्याचे बूड जमिनीवर सपाट टेकलेले आहे, हे ठाऊक असल्याने तेथे तो सरळ रेघ ओढतो. कागद मेजावर आडवा ठेवून काढलेली आकृती फळा उभा केल्यावर लांबट झालेली दिसते. कारण बसल्या जागेवरून कागदाचा वरचा भाग तिरपा व आखूड दिसत असतो. कलेतिहासकार ई. एच. गॉम्ब्रिक (१९०९–२००१) यांनी आर्ट अँड इल्यूजन (१९६०) या ग्रंथात या प्रक्रियेची मीमांसा केली आहे. चित्रकार आरंभी मनातील ठरीव साचा मांडतो आणि मग प्रत्यक्षाशी ताडून तो दुरुस्त करीत जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अभ्यासचित्रणात खरे शिक्षण घडते ते या दुरुस्तीत.

सरावाचे प्रकार अनेक आहेत. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने मापे घेणे व ओळंब्याने उभी रेषा पडताळणे, ही सर्वांत जुनी साधने. अर्ध्या ते दोन मिनिटांच्या त्वरित रेखाटनात देहाचा झोक व भार पकडावयाचा असतो, तर बाह्यरेषेच्या संथ रेखाटनात नजर वस्तूच्या कडेवरून व पेन्सिल कागदावरून एकाच गतीने सरकवावयाची असते. न्यूयॉर्क येथील आर्ट स्ट्यूडंट्स लीगमधील अध्यापक किमॉन निकोलाइडीस (१८९१–१९३८) यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पाठ्यग्रंथाने (१९४१) हे दोन्ही प्रकार सर्वत्र रूढ केले. ही लीग १८७५ मध्ये विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन स्थापन केली होती, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

सोबतीने रेखाटण्याचा पुरस्कार लिओनार्दो दा व्हींचीने (१४५२–१५१९) आपल्या टिपणांत स्पष्ट शब्दांत केला आहे. इतरांच्या देखत आपले काम उणे ठरण्याची लाज, सरस काम करणाऱ्याविषयीची ईर्षा व त्याच्यापासून मिळणारा धडा, या तिन्हींचा शिकणाऱ्यास लाभ होतो, असे त्याचे मत होते. चित्र आरशात उलटे पाहावे, म्हणजे ते दुसऱ्याचे भासून त्यातील दोष दिसतात, अशीही युक्ती त्याने सुचविली आहे. सहाध्यायी हा एका परीने बोलणारा आरसाच. मात्र तो काय बोलतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘छान आहे’ वा ‘जमले नाही’ या दोन्ही अभिप्रायांचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. ‘डाव्या पायावर भार आहे, पण मानेतील खळगी त्या पायाच्या घोट्यावर येत नाही’ हा अभिप्राय मात्र लागलीच ओळंबा धरून तपासता येतो. दुसऱ्याच्या कागदावर स्वतःचा हात चालवू नये, दुरुस्ती समासात वा वेगळ्या कागदावर दाखवावी, हा संकेत चांगल्या वर्गांत पाळला जातो. दाखविलेली चूक ध्यानी घेऊन तोच विषय पुन्हा काढला नाही, तर चर्चा वाया जाते. जुनी चित्रे तारीख घालून जपून ठेवणेही तितकेच आवश्यक असते.

या व्यवहारातील लाभ व धोका व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याच्या उदाहरणात एकत्र पाहावयास मिळतात. सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार होण्याचे ठरविले आणि शार्ल बार्ग याच्या चित्रपाठांच्या (१८६६–७१) प्रतिकृती तो पुनःपुन्हा काढू लागला. १८८० मध्ये ब्रूसेल्स येथे त्याची अँथन व्हान रापार्ट (१८५८–९२) या तरुण चित्रकाराशी ओळख झाली. पुढे पाच वर्षे दोघे पत्रांतून एकमेकांच्या कामाची चिकित्सा करीत राहिले. न्यूनेन येथे १८८४-८५ च्या हिवाळ्यात व्हान गॉखने शेतकऱ्यांच्या मस्तकांची सु. चाळीस अभ्यासचित्रे केली व त्यांतून द पोटॅटो ईटर्स हे चित्र सिद्ध झाले. त्याचे शिलामुद्रित रूप पाहून रापार्टने मे १८८५ मध्ये कठोर पत्र लिहिले : आकृत्यांत जीव नाही, उजवीकडच्या पुरुषाचा हात भलताच आखूड आहे, एवढे ढिसाळ काम कलेला साजत नाही. व्हान गॉखने ते पत्र परत पाठविले. त्यानंतर पत्रे झाली, तरी मैत्री सावरली नाही.

रापार्टने मूळ तैलचित्र पाहिले नव्हते. शिलामुद्रण घाईने, स्मरणातून केलेले होते, हे व्हान गॉखने स्वतः नमूद केले आहे. हाताच्या लांबीविषयीचा आक्षेप तपासता येण्याजोगा होता. कलेची अप्रतिष्ठा केल्याचा आरोप मात्र माणसावर होता, आणि जिव्हारी लागला तो हाच. तथापि त्याच उन्हाळ्यात व्हान गॉखने कापणी करणाऱ्या व कणसे वेचणाऱ्या शेतकऱ्यांची मोठ्या आकाराची रेखाटने केली. त्यांत बाह्यरेषेपेक्षा देहाच्या गोलाईवर व घनतेवर त्याचा कटाक्ष दिसतो. मित्र तुटला, परंतु आक्षेप कामी आला, असे म्हणावयास हरकत नाही.

सहाध्याय्यांच्या समीक्षेला मर्यादाही आहेत. सर्वांची समज सारखीच अपुरी असेल, तर सर्वांना तीच चूक बरोबर वाटते. वर्गातील एखाद्या कुशल विद्यार्थ्याची रेषा हळूहळू साऱ्यांच्या कागदांवर उतरते. अशा वेळी अध्यापकाची वा थोर चित्रकारांच्या मूळ रेखाटनांची जोड लागते.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) आरंभी प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकविण्यावर भर होता. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हे एक दीर्घकाळ चाललेले सामूहिक अभ्यासचित्रणच होय. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ च्या सुमारास, तेथे जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू झाला. पुढे एम. आर. आचरेकर यांनी रूपदर्शिनी (१९५८) या ग्रंथात मॉडेलवरून केलेली रेखाटने भारतीय शिल्पाकृतींच्या शेजारी मांडून प्रत्यक्ष देह व परंपरागत आकार यांची तुलना केली.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांना अभ्यासचित्रणाची ओळख होते ती शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र व स्मरणचित्र या विषयांतून. परीक्षेनंतर विद्यार्थ्याच्या हाती केवळ श्रेणी पडते. घड्याचे बूड सपाट झाले, हे त्याला कळावयाचे तर ते सरावाच्या वर्गात शेजारी बसलेल्या मुलाकडूनच. रेल्वे स्थानके, मंडई व नदीचे घाट येथे जमून रेखाटण्याची कलाविद्यार्थ्यांची प्रथा हे काम वर्गाबाहेर करते. २००७ मध्ये सिॲटल येथील गाब्रिएल कांपानारिओ या पत्रकार-चित्रकाराने सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीचे गट मुंबई व पुणे येथेही आहेत. ठरल्या वेळी रेखाटन थांबवून सर्वांनी आपापल्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघड्या मांडायच्या, असा या गटांचा परिपाठ आहे. एकच वास्तू वीस हातांनी वीस प्रकारे काढलेली तेथे दिसते आणि कोणाचा कळस कलला आहे, हे कोणी न सांगताही ध्यानात येते.